उंचावरचा ट्रेक आणि विरळ हवेचा त्रास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेक ठरला की प्रश्न सुरू होतात आणि बहुतेक तेच ते असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं सोप्यापासून अडनिड्यापर्यंत लावले आहेत. सगळ्या उंच्या समुद्रसपाटीपासूनच्या आणि मीटरमध्ये. औषधांच्या मात्रा निरोगी प्रौढांसाठीच्या आहेत. डॉक्टरांशी बोलायला जाताना हाताशी असावी एवढ्यापुरतीच ती माहिती आहे, डॉक्टरांची चिठ्ठी म्हणून ती वापरू नका.

१. त्रास नेमका किती उंचीपासून सुरू होतो?

साधारण २५०० मीटरपासून. काही जणांना त्याच्या थोडं खालीही जाणवतं. पण इथं उंची म्हणजे तुम्ही रात्री झोपता ती उंची. दिवसा खिंड ओलांडून संध्याकाळी खाली उतरलात तर शरीर ते बहुधा खपवून घेतं, मुक्कामच वर पडला तर हिशोब मागतं. लक्षणं बहुतेकदा वर पोचल्यावर ६ ते १२ तासांनी येतात. म्हणूनच दुपारी तंबूबाहेर फोटो काढत हिंडणारा माणूस रात्री डोकं धरून बसलेला दिसतो. ५५०० च्या वर माणसाची कायमची वस्ती जगात कुठेही नाही. तिथं शरीर जुळवून घेत नाही, फक्त झिजत राहतं.

२. उंचावर हवेत ऑक्सिजन कमी असतो म्हणजे काय? शाळेत तर २१ टक्के शिकलो होतो.

२१ टक्केच असतो, एव्हरेस्टच्या माथ्यावरसुद्धा. कमी होतो तो हवेचा दाब. ५५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा, एव्हरेस्टच्या माथ्यावर साधारण एक तृतीयांश. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासात येणारी हवाच विरळ. शरीर आधी श्वास वाढवतं, मग मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्काचा तोल सावरतात. तांबड्या पेशी वाढायला काही आठवडे लागतात. या सगळ्याला ट्रेकर मंडळी ‘अक्लमटायझेशन’ म्हणतात. हे घाईनं होत नाही. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

एक अडनिडी बाब: ध्रुवांकडे जावं तसा त्याच उंचीवरचा दाब आणखी कमी असतो. त्यामुळे अलास्कातलं ६१९० मीटरचं डेनाली विषुववृत्ताजवळच्या तेवढ्याच उंच शिखरापेक्षा शरीराला अधिक उंच भासतं.

३. मी रोज दहा किलोमीटर पळतो. मला त्रास होणार नाही ना?

होऊ शकतो. दमसास आणि विरळ हवेशी जुळवून घेण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट दमदार माणसाला एक जादा धोका असतो: तो भरभर चढतो, सर्वांच्या आधी मुक्कामाला पोचतो आणि शरीराला वेळच देत नाही. तरुण, तगडे, अबोल आणि गटात पहिलं यायची सवय असलेले, अशांकडे आम्ही जरा जास्तच लक्ष ठेवतो. त्रास होईल की नाही याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज मागच्या अनुभवावरून बांधता येतो (तिथलीही गोम प्रश्न २२ मध्ये).

४. मग व्यायाम कशासाठी करायचा?

चालण्यासाठी. पाय आणि दम तयार असले की त्याच चढाला शरीर कमी खर्च होतं, रात्री भूक-झोप शाबूत राहते आणि वाईट हवेत निर्णय घ्यायला डोकं जागेवर राहतं. निदान आठ ते बारा आठवडे आधी सुरुवात करा. आठवड्यातून तीन-चार दिवस चालणं, पळणं किंवा सायकल, दोन दिवस पायांची आणि कमरेची ताकद. सुट्टीच्या दिवशी सॅक पाठीवर घेऊन लांब चढ-उतार करा. डोंगर नसेल तर जिने आहेतच. उतरण्याचा सराव बहुतेक जण विसरतात आणि गुडघे परतीच्या वाटेवर त्याची आठवण करून देतात. बूट नवे असतील तर ट्रेकआधी ते पायात रुळवून घ्या. जो वेग ठेवून धाप न लागता बोलता येतं, तो तुमचा वरचा वेग.

५. रोज किती चढावं? कार्यक्रम चांगला आहे की नाही हे कसं ओळखू?

सगळ्या पानावरचा हा सर्वांत कामाचा प्रश्न आहे, आणि सर्वांत कमी विचारला जातो. लोक सामानाची यादी तीनदा वाचतात, मुक्कामांच्या उंच्या एकदाही नाही.

सर्वमान्य नियम असा: ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी. कागद घ्या, प्रत्येक रात्रीची उंची एकाखाली एक लिहा आणि वजाबाक्या करा. कुठे किती किलोमीटर चालायचं आहे ते तूर्त बाजूला ठेवा.

एव्हरेस्ट बेस कॅम्पची नेहमीची वाट पाहा. नामचे ३४४०, तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०. यातल्या दोन उड्या ५०० च्या किंचित वर जातात. पण नामचेला आणि दिंगबोचेला दोन-दोन रात्री असल्यानं सरासरी सांभाळली जाते. यातली एक रात्र ‘वेळ वाचवायला’ काढली की तोच कार्यक्रम धोक्याचा होतो. किलिमांजारोचं उलट आहे. ५८९५ मीटरचा माथा पाच-सहा दिवसांत गाठायचा म्हणजे हा नियम मोडतोच. म्हणून तिथं शक्य तेवढा जास्त दिवसांचा कार्यक्रम निवडावा. त्याच डोंगरावरच्या माचामे वाटेवर एक चांगली गोष्ट मात्र आहे. दिवसा सुमारे ४६०० च्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचं आणि झोपायला जवळपास ६०० मीटर खाली यायचं. ‘चढा उंच, झोपा खाली’ म्हणतात ते हेच.

विश्रांतीचा दिवस म्हणजे लोळण्याचा दिवस नव्हे. सामान न घेता दोन-तीनशे मीटर वर जाऊन परत यावं. आणि कार्यक्रमात कुठेही न जोडलेला एक मोकळा दिवस असलाच पाहिजे. तो नसेल तर डोकं दुखत असतानाही सगळ्यांना पुढं जावंसं वाटतं, कारण विमानाचं तिकीट दुसरं काही सुचूच देत नाही.

६. विमानानं थेट ३५०० मीटरवर उतरायचं आहे. मग ५०० चा नियम कसा पाळणार?

पाळता येत नाही, म्हणून भरपाई करायची. लेह (साधारण ३५००), ल्हासा (साधारण ३६५०) किंवा ला पाझजवळचा एल आल्टो विमानतळ (४०६० च्या आसपास) इथं उतरणारा माणूस काही तासांत तेवढा वर जातो. उतरल्यावर निदान दोन रात्री तिथंच काढा. पहिला दिवस खरोखर आरामाचा ठेवा: जिने टाळा, बॅगा ओढू नका, बाजारात फिरायचा मोह आवरा. पहिल्या दिवशी काहीच होत नाही म्हणून दुसऱ्या सकाळी गाडीनं ५००० च्या खिंडीत जाणारे आणि तिथंच पुढचा मुक्काम करणारे अडकतात. जाऊन त्याच दिवशी खाली येणं त्यामानानं बरं, पण तेही दोन रात्रींनंतर. अशा प्रवासासाठी प्रतिबंधक गोळीचा विचार जरूर करावा (प्रश्न १०).

७. हा त्रास आहे की नुसता थकवा, हे कसं कळायचं?

विरळ हवेच्या साध्या त्रासाला एएमएस म्हणतात. जगभर वापरली जाणारी लेक लुईस मोजणी चार गोष्टी विचारते: डोकेदुखी, मळमळ किंवा भूक मरणं, थकवा, गरगरणं. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी असेल आणि बेरीज तीन किंवा अधिक आली, तर एएमएस धरायचा. झोपमोड पूर्वी या यादीत होती, २०१८ च्या सुधारणेत ती काढली, कारण उंचावर झोप सगळ्यांचीच बिघडते.

डोकं इतर कारणांनीही दुखतं: पाणी कमी पडलं, ऊन लागलं, चहा-कॉफी अचानक सुटली (प्रश्न १६), तंबूत धूर साठला (प्रश्न १८). पण उंचावर आजारी वाटतंय तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा. हा चुकीचा अंदाज महागात पडत नाही, उलटा पडतो.

८. डोकं थोडंसंच दुखतंय. गोळी घेऊन पुढं गेलो तर चालेल?

गोळी घ्या, पण पुढं जाऊ नका. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेऊन त्याच उंचीवर थांबा. सौम्य एएमएस न चढता थांबल्यावर एक ते तीन दिवसांत बहुधा ओसरतो. पूर्ण बरं वाटलं की पुढं निघा. थांबूनही त्रास वाढत असेल तर खाली या. गोळी असताना बरं वाटणं आणि गोळीशिवाय बरं वाटणं यात फरक आहे, हे विसरू नका.

आणि बोला. लपवलेली डोकेदुखी हा गटातला सगळ्यात मोठा धोका आहे. ‘माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल’ ही भीती खरी आहे, पण दोन दिवसांनी तुम्हाला उचलून न्यावं लागलं तर सगळे थांबतीलच.

९. ताबडतोब खाली न्यायचं अशी लक्षणं कुठली?

दोन आजार जिवावरचे. पहिला मेंदूवरची सूज, म्हणजे हेस. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा गप्प होतो, बुटाची नाडी बांधता येत नाही, चाल लडखडते. परीक्षा सोपी: जमिनीवर सरळ रेषेत टाचेला चवडा लावत दहा-बारा पावलं चालायला सांगा. शंका वाटली तर शेजारी धडधाकट माणसाला तेच करायला लावा. त्याला जमतं आणि याला नाही, तर आणखी वाट पाहू नका.

दुसरा फुप्फुसात पाणी साठणं, म्हणजे हेप. नव्या उंचीवर गेल्यावर बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, रात्री बळावतो. आधी चालण्याचा दम अचानक घसरतो, कोरडा खोकला येतो, मग बसल्या जागी धाप लागते, ओठ-नखं निळसर होतात. शेवटी गुलाबी फेसाळ कफ पडतो, पण तोवर थांबायचं नसतं. डोकं अजिबात न दुखताही हेप होऊ शकतो. ‘छातीत सर्दी झाली असेल’ या वाक्यानं कित्येकांचा घात केला आहे.

दोन्हींवर उपाय एकच: खाली. रात्र असली तरी, पाऊस असला तरी, वाट सुरक्षित असेल तितकी. निदान ३०० ते १००० मीटर किंवा सुधारणा दिसेपर्यंत. हेपच्या रुग्णाला शक्यतो चालवू नका, श्रमानं आजार वाढतो. ऑक्सिजन असेल तर द्या. हेससाठी डेक्सामेथासोन (आधी ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४) आणि हेपमध्ये उतरणं व ऑक्सिजन दोन्ही अशक्य असतील तर निफेडिपिन, ही औषधं डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचनांसह पेटीत असावीत. औषधानं उतरण्यापुरता वेळ मिळतो. कुणालाही एकट्याला खाली पाठवू नका आणि तंबूत एकटं ठेवूनही जाऊ नका.

१०. डायमॉक्स घ्यावी का? तिनं लक्षणं दबतात असं ऐकलं.

नाही दबत. डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. ती मूत्रपिंडांकडून बायकार्बोनेट बाहेर टाकवते, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे श्वास वाढतो. जे शरीर दोन-तीन दिवसांत करणार होतं तेच लवकर होतं. प्रतिबंधासाठी नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. त्रास झाल्यावर उपचार म्हणून २५० मिलिग्रॅम दोनदा.

हळू चढणाऱ्या प्रत्येकाला ती लागत नाही. पूर्वी त्रास झालेले, थेट उंचावर उतरणारे, ज्यांचा कार्यक्रम घाईचा आहे आणि बदलता येत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. बोटांत आणि ओठांभोवती मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडायुक्त पेयं बेचव लागतात. यातलं काही घाबरण्यासारखं नाही. घरीच दोन दिवस घेऊन पाहा, म्हणजे मुंग्यांची ओळख तंबूत व्हायला नको. मात्र गोळी घेतली म्हणून दिवसाला हजार मीटर चढायची मुभा मिळत नाही. जिन्कोच्या वनस्पतीजन्य गोळ्यांची शिफारस वैद्यकीय मार्गदर्शक सूचना करत नाहीत.

११. मला सल्फाची ॲलर्जी आहे. मग?

ॲसिटाझोलामाइड सल्फोनामाइड गटातलं असलं तरी सल्फाच्या प्रतिजैविकांपेक्षा वेगळं आहे, आणि तशी ॲलर्जी असलेल्या अनेकांना ते चालतं. पण पूर्वीची प्रतिक्रिया गंभीर असेल (श्वास अडकणं, अंगभर फोड, त्वचा सोलणं) तर ते टाळावं. सौम्य असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी चाचणी मात्रा घेता येते. पर्वतावर पहिल्यांदा घेऊन पाहायची ही गोष्ट नाही. पर्यायी औषध डॉक्टर ठरवतील. सगळ्यात निर्धोक पर्याय म्हणजे कार्यक्रमात दोन दिवस वाढवणं.

१२. भरपूर पाणी प्यायलं की त्रास होत नाही, खरं ना?

अर्धं खरं. कोरडी हवा, जोरात श्वास आणि घाम यांनी पाणी कमी होतं आणि त्यानं डोकं दुखतं, म्हणून प्यायला हवं. पण पाण्यानं एएमएस टळत नाही. सक्तीनं पाच-सहा लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरून मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा येतो, म्हणजे नेमकं उंचीच्या आजारासारखंच चित्र. लघवी फिकट पिवळी राहील एवढं पुरे.

१३. रात्री श्वास थांबतो आणि दचकून जाग येते. हृदयाचं काही आहे का?

बहुधा नाही. उंचावर झोपेत श्वास खोल होत जातो, मंदावतो, काही सेकंद थांबतो आणि पुन्हा जोरात सुरू होतो. शेजारी झोपलेला माणूसच जास्त घाबरतो. जागेपणी धाप नसेल तर हे धोक्याचं नाही. फार त्रास होत असेल तर डायमॉक्स उपयोगी पडते. बसून राहिल्यावरही धाप कायम असेल तर प्रश्न ९ पाहा.

१४. ऑक्सिमीटरवर ८२ दिसतंय. खाली उतरू?

आकड्यासाठी नको, माणसासाठी उतरा. खाली ९५ च्या वर असणारा आकडा ३५०० वर ८५ ते ९० आणि ५००० च्या आसपास ७५ ते ८५ दिसणं नेहमीचं आहे. थंड बोटं, नेलपॉलिश आणि हालचाल यांनी तो आणखी खोटा येतो. हात उबदार करून, पाच मिनिटं बसून मोजा. बाकीच्यांपेक्षा एकाचाच आकडा खूप खाली असेल आणि तो माणूस मलूल असेल, तर ती गंभीर खूण. उलट आकडा चांगला पण चाल लडखडती, तर चालीवर विश्वास ठेवा.

१५. ऑक्सिजनचा छोटा स्प्रेचा डबा नेऊ का?

वजन वाढेल. तो काही मिनिटांत संपतो. उपयोगाचा ऑक्सिजन म्हणजे मास्क आणि नियंत्रक असलेला मोठा सिलिंडर, आणि तो गटासोबत आहे का हे आधी विचारा. दूरच्या मोहिमांत फुगवायची दाबपिशवी असते. रुग्णाला आत झोपवून पायपंपानं दाब वाढवला की शरीराला दीडेक हजार मीटर किंवा अधिक खाली आल्यासारखं होतं. पंप मात्र सतत मारत राहावा लागतो आणि बाहेर काढल्यावर त्रास परत येऊ शकतो. शेवटी उतरावं लागतंच.

१६. चहा-कॉफी, दारू, झोपेची गोळी?

चहा-कॉफीची रोजची सवय असेल तर चालू ठेवा, अचानक बंद केली की डोकं दुखतं आणि ते एएमएससारखं वाटतं. दारू पहिले काही दिवस पूर्ण बंद. श्वास मंदावणाऱ्या झोपेच्या गोळ्यांनाही नकार द्या. सिगारेट? तीही खालीच ठेवा.

१७. थंडी आणि उन्हासाठी काय लक्षात ठेवू?

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं आणि अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ त्यातली बहुतेक परत तोंडावर फेकतो. म्हणून बाजूंनी बंद असलेला गडद गॉगल सक्तीचा. ढगाळ दिवशीही. एक दिवस विसरलात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. कपडे थरांचे, कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत. पाणी उकळण्याचा बिंदूही दर ३०० मीटरला साधारण एक अंशानं उतरतो, त्यामुळे शिजायला वेळ लागतो, इंधन जास्तीचं घ्या.

१८. रात्री तंबूत स्टोव्ह पेटवला होता. सकाळी सगळ्यांचंच डोकं दुखत होतं. हाही उंचीचा त्रास का?

एकाच वेळी सगळ्यांचं दुखत असेल तर आधी कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. या वायूला वास नाही आणि साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजन समजून चांगला आकडा दाखवतो. बंद तंबूत ज्योत नको, थंडी कितीही असो.

१९. रक्तदाब, मधुमेह किंवा दमा असेल तर जाता येतं का?

नियंत्रणात असेल तर अनेकांना येतं, पण तपासणीनंतर. पहिल्या दिवसांत रक्तदाब वाढतो, गोळ्या मनानं बंद करू नका. इन्सुलिन गोठू देऊ नका, रात्री ते अंगाशी ठेवा. थंडीत साखर मोजण्याचं यंत्र चुकू शकतं. दमेकऱ्यांनी इन्हेलर वरच्या खिशात ठेवावा. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, फुप्फुसाच्या धमन्यांचा दाब वाढलेल्यांनी आणि सिकल सेल आजार असलेल्यांनी हा बेत सोडावा. गर्भारपणात डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय उंच मुक्काम नको.

२०. लहान मुलांना नेऊ का?

मुलांना त्रास मोठ्यांइतकाच होतो, फक्त सांगता येत नाही. किरकिर, न खाणं, न खेळणं हीच लक्षणं समजा. ज्या वाटेवरून काही तासांत खाली येता येत नाही, ती मुलांसाठी निवडू नका. वरच्या मात्रा त्यांना लागू नाहीत.

२१. डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. अडचण आहे?

कुठली, त्यावर आहे. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरघळेपर्यंत उंचावर अजिबात जायचं नाही, विमानानंही नाही. दाब उतरला की वायू फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. चिरा देऊन चष्मा घालवण्याची जुनी रेडियल केराटॉटमी झालेल्यांची नजर उंचावर बदलते. १९९६ मध्ये एव्हरेस्टवर बेक वेदर्स यांना याच कारणानं दिसेनासं झालं होतं. लेसरच्या शस्त्रक्रियेत हा बदल सहसा किरकोळ असतो. तरी जादा चष्मा जवळ ठेवा.

२२. मागच्या वर्षी ५००० वर काहीच झालं नव्हतं. या वेळी दिवस कमी केले तर?

मागच्या वेळी किती दिवसांत चढलात ते आधी आठवा. तेव्हा आठ दिवस घेतले आणि आता पाचात जायचं म्हटलं, तर तो अनुभव या वेळी लागू नाही. कमावलेली सवय खाली आल्यावर काही दिवसांत ओसरायला लागते आणि काही आठवड्यांत बहुतेक जाते. उंचावर जन्मलेली माणसंही दोन-तीन आठवडे खाली राहून घरी परतताना हेपनं आजारी पडतात. म्हणून दोन ट्रेकमध्ये महिन्याभराचं अंतर असेल तर दुसरा ट्रेक पहिल्यासारखाच आखा. आठवड्याच्या आत पुन्हा वर निघालात तर थोडी सूट मिळते, पण पहिल्या रात्री डोकं दुखलं की ती सूट संपली, तिथून प्रश्न ८.